डी.एन.ए.चे अचूक मापन आणि निरोगी कलमे

मापाचा विषय आपल्या शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचा आहे. धान्य पूर्वी पायलीने मापले जाई, पुढे ते मणाच्या वजनाने विकले जाऊ लागले व आज क्विंटलने विकले जाते. नारळ आणि कलमे मात्र नगावर मोजून घेतली जातात. पायलीच्या मापात खडे, माती व फोलपटेही धान्याच्या भावाने मोजली जातात. वजनात ओल मोजली जाते. नगाच्या मोजणीत हे दोन्ही प्रश्न येत नाहीत, परंतु मोजणाराची नजर चुकली तर दोन नग एक म्हणून धरले जातात. माप कोणते लावले यावर आकडा अवलंबून असतो, हे बाजारात उभ्या राहिलेल्या माणसास कोणी शिकवावे लागत नाही.

सजीवांच्या पेशींत असणाऱ्या डी.एन.ए. या द्रव्याचे मापन करताना प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. हे काम शेतापासून फार दूरचे आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण तसे नाही. संत्रा, मोसंबी व लिंबू यांची कलमे करण्यासाठी ज्या मातृवृक्षाचे डोळे घ्यावयाचे, तो ग्रीनिंग रोगापासून मुक्त आहे किंवा नाही हे आता डी.एन.ए.च्या चाचणीवरून ठरविता येते. वरूड व शेंदुरजनाघाट या भागांतील रोपवाटिकांतून निघणारी कलमे दूरदूरच्या बागांत लागतात. एका मातृवृक्षाच्या डोळ्यांपासून पुढे हजारो झाडे उभी राहतात. तेव्हा त्या एका झाडाविषयीचा प्रयोगशाळेचा आकडा चुकला, तर ती चूक पाच वर्षांनी, बाग फळावर येण्याच्या सुमारास, दुसऱ्याच कोणा शेतकऱ्याच्या पदरात पडते. या कारणाने हा आकडा कसा निघतो व त्यावर कितपत विसंबावे, हे गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

रोग आधी पसरतो, मग दिसतो

ग्रीनिंग हा रोग एका जीवाणूमुळे होतो. झाडाचा अन्नरस ज्या नलिकांतून वाहतो त्या नलिकांत हा जीवाणू राहतो. सिट्रस सिला ही कीड त्यास एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते व रोगी झाडाचा डोळा भरल्यास तो कलमातही उतरतो. एकदा लागण झाल्यावर झाड पूर्ण बरे करील असा खात्रीचा उपाय नाही. पानांवर मुख्य शिरेच्या दोन बाजूंस विषम असे पिवळे-हिरवे डाग पडतात, फळे लहान व वाकडी राहतात आणि झाड उत्तरोत्तर खालावत जाते.

जस्ताच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात. त्या वेळी पिवळेपणा शिरेच्या दोन्ही अंगांस बहुधा सारखा असतो आणि अनुभवी बागाईतदार हा भेद ओळखतो. परंतु एकाच झाडावर दोन्ही कारणे एकत्र आली म्हणजे अनुभवी माणसाचीही फसगत होते. शिवाय लागण झाल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंत कित्येक महिने, कधी वर्षेही जातात. या अवधीत झाड हिरवेगार असते, मालकाचा त्यावर विश्वास असतो व त्याचे डोळे भरले जात असतात. बरे, इतर अनेक जीवाणूंप्रमाणे हा जीवाणू प्रयोगशाळेतील बशीत वाढवून पाहावा, तर तेही नीटसे साधत नाही. म्हणून पानाच्या अर्कात त्याचा डी.एन.ए. आहे काय आणि असल्यास किती, हे शोधणे हाच मार्ग उरतो.

सारख्याच वजनात साठ आणि आठ लाख

डी.एन.ए. म्हणजे दोन पदरांची पिळलेली अतिसूक्ष्म दोरी होय. दोन पदर ठराविक जोड्यांनी एकमेकांस जोडलेले असतात व या जोड्यांच्या क्रमात सजीवाची आनुवंशिक माहिती साठविलेली असते. प्रत्येक सजीवाच्या एका पूर्ण संचात किती जोड्या असाव्यात हे ठरलेले असते, परंतु सजीवागणिक ती संख्या अतिशय भिन्न असते. आपला कांदा या बाबतीत मोठा श्रीमंत आहे. त्याच्या एका संचात सुमारे १,६०० कोटी जोड्या आहेत. माणसाच्या संचाच्या पाचपट! मोसंबी ज्या वनस्पतीचा प्रकार आहे त्या गोड संत्र्याच्या संचात सुमारे ३७ कोटी जोड्या आहेत, तर ग्रीनिंगच्या जीवाणूच्या संचात त्या केवळ १२ लाखांच्या थोड्या वर आहेत.

प्रयोगशाळेत डी.एन.ए.चे वजन नॅनोग्रॅममध्ये सांगतात. ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम कांद्याच्या डी.एन.ए.मध्ये सुमारे ६० संच मावतात, तितक्याच वजनाच्या मोसंबीच्या डी.एन.ए.मध्ये सुमारे २,६०० आणि जीवाणूच्या डी.एन.ए.मध्ये सुमारे ८ लाख. वजन सारखे असून नग इतके निरनिराळे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा सर्व विषय सोपा होतो.

आता एका पानाच्या अर्कात १०० नॅनोग्रॅम डी.एन.ए. आहे व त्यात जीवाणूचे १,००० संच आहेत असे समजू. या हजार संचांचे वजन एकूण वजनाच्या सुमारे ऐंशी हजाराव्या भागाइतके भरेल. बाकी सर्व डी.एन.ए. बहुतांशी झाडाचाच. म्हणजे अर्काचे वजन कितीही काळजीपूर्वक केले, तरी रोगाविषयी त्यातून काहीच कळणार नाही. मग वजन करावयाचे तरी कशाला? कारण असे की चाचणीच्या नळीत अर्क किती घालावा, दोन झाडांचे अर्क सारख्या प्रमाणात घेतले आहेत काय आणि ज्या प्रमाण-द्रावणाशी तुलना करावयाची त्याची ताकद किती, हे सर्व वजनावरून ठरते. पायाच वाकडा असला तर भिंत सरळ येत नाही.

प्रकाशाने मापणे

सर्वांत सोपी व पुष्कळ प्रयोगशाळांत रोज वापरली जाणारी रीत प्रकाशाची आहे. डी.एन.ए. २६० नॅनोमीटर लांबीच्या लहरीचे अतिनील किरण शोषून घेतो. एक सेंटीमीटर जाडीच्या द्रावणातून असे किरण सोडले आणि यंत्राने शोषणाचा आकडा १ दाखविला, तर दर मिलिलिटरमध्ये दुपदरी डी.एन.ए. ५० मायक्रोग्रॅम आहे असे धरतात. काम काही क्षणांचे आहे व अर्काचा एक थेंबही पुरतो.

परंतु ही पायलीची मापणी आहे. आर.एन.ए. नावाचे डी.एन.ए.च्या जवळचे द्रव्य याच लहरीचे किरण शोषते. तुटलेले बारीक तुकडेही शोषतात. लिंबूवर्गीय झाडांच्या पानांत जे तुरट द्रव्यांचे समूह असतात, ते अर्कात उरले तर त्यांचाही भार आकड्यात पडतो. म्हणून २८० व २३० नॅनोमीटरवरही वाचन घेण्याची पद्धत आहे. २६० चे वाचन २८० च्या वाचनाच्या सुमारे १.८ पट आले तर प्रथिनांची भेसळ फारशी नाही असे मानतात, आणि २३० च्या वाचनाच्या दुपटीच्या आसपास आले तर क्षार, शर्करा व तुरट द्रव्ये बऱ्याच अंशी गेली असे समजतात. मात्र आर.एन.ए.ची भेसळ या गुणोत्तरांवरून नीटशी उघड होत नाही. गुणोत्तर चांगले म्हणून अर्क चांगला, असे गृहीत धरणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

याहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे. दोरीचे दोन पदर सुटे झाले की तितकाच डी.एन.ए. सुमारे एकतृतीयांशाहून अधिक किरण शोषतो. ही अडचण केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणमापन संस्थेने २००७ साली मानवी डी.एन.ए.ची प्रमाण-द्रावणे प्रसिद्ध केली. प्रयोगशाळांनी आपली मापे या द्रावणांशी ताडून पाहावीत, हा त्यांचा उद्देश. त्यांचे प्रमाणीकरण प्रकाशाच्या शोषणावरून केले होते. पुढे साठवणीत असता त्यांतील काही डी.एन.ए.चे पदर सुटे होत गेले आणि शोषणाचा आकडा बदलला, द्रावणातील डी.एन.ए. मात्र तेवढाच होता. तेव्हा सर्व पदर मुद्दाम सुटे करून मापन पुन्हा करावे लागले, आणि २०१८ साली त्यांच्या जागी जी नवी द्रावणे आली त्यांचे प्रमाणीकरण नगाच्या मोजणीने करण्यात आले. प्रमाणाचेच प्रमाण तपासण्याची वेळ येते ती अशी.

रंगाने मापणे

दुसरी रीत रंगाची. १९३० साली डिशे या शास्त्रज्ञाने डायफेनिलअमाइन या रसायनाने डी.एन.ए.स निळा रंग येतो हे दाखविले व १९५६ साली बर्टन यांनी त्या रीतीत सुधारणा केली. रंग जितका गडद, तितका डी.एन.ए. अधिक. आज याहून पुष्कळ संवेदनक्षम रंगद्रव्ये मिळतात. ती मोकळी असता जवळजवळ चमकत नाहीत. दुपदरी दोरीत शिरून बसली की मात्र चमकू लागतात. ही चमक यंत्राने मापतात व ज्ञात ताकदीच्या द्रावणांच्या चमकेशी ताडून पाहतात.

हे उफणून घेतलेल्या धान्याचे माप होय. सुटे पदर व बारीक तुकडे यांत फारसे धरले जात नाहीत आणि आर.एन.ए.चा उपद्रवही कमी होतो. एकाच अर्काचे प्रकाशाने १०० आणि रंगाने ४० असे दोन आकडे आले तर यंत्रात बिघाड आहे असे समजण्याचे कारण नाही. दोन्ही यंत्रांनी आपापले काम केलेले असते. पहिल्याने फोलपटासकट मापले, दुसऱ्याने बहुतेक दाणे मापले. चाचणीसाठी दुसरा आकडा धरावा हे उत्तम. तरीही हा डी.एन.ए. झाडाचा की जीवाणूचा, हे रंगास कळत नाही.

दुपटीने वाढवून मापणे

ही ओळख पटविण्याचे काम पी.सी.आर. या पद्धतीने होते. १९८३ साली कॅरी मलिस यांना ही पद्धत सुचली व तिच्याबद्दल १९९३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जीवाणूच्या डी.एन.ए.चा जो भाग केवळ त्याच्याच ठायी असतो, त्या भागास चिकटतील असे लहान तुकडे नळीत घालतात. द्रावण तापविले की दोरीचे पदर सुटतात, निवविले की हे तुकडे आपल्या जागी चिकटतात, आणि उन्हाळ्यातील झऱ्यांच्या पाण्यात, म्हणजे नैसर्गिक उष्ण कुंडांत, राहणाऱ्या जीवाणूपासून मूळ मिळविलेले एक एंझाइम त्या भागाची नक्कल तयार करते. प्रत्येक फेरीत नकला दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि दहा फेऱ्यांत १,०२४.

१९९२-९३ च्या सुमारास हिगुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी या फेऱ्या चालू असतानाच नळीतील चमक पाहत राहण्याची युक्ती काढली. चमक ठराविक रेषा ज्या फेरीस ओलांडते त्या फेरीच्या आकड्यास सी.टी. म्हणतात. आरंभी जीवाणूचे नग जितके अधिक, तितकी रेषा लवकर ओलांडली जाते. त्यामुळे सी.टी. लहान असणे हे वाईट लक्षण होय. अहवाल वाचताना येथे गैरसमज होण्याचा संभव फार आहे. २२ पेक्षा ३४ मोठा म्हणून रोग अधिक, असा अर्थ कोणी घेऊ नये. एका फेरीचा फरक म्हणजे दुपटीचा फरक आणि सुमारे ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापटीचा. २२ आणि ३४ यांत चार हजारपटींचे अंतर आहे.

मात्र यात एक गृहीत दडलेले आहे. प्रत्येक फेरीत पुरती दुप्पट झाली तरच हा हिशेब खरा. दुपटीऐवजी १.९ पट वाढ होत असेल, तर ३० फेऱ्यांनंतर अपेक्षेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतक्याच नकला तयार होतात. संत्र्याच्या पानातील तुरट द्रव्ये अर्कात उरली की ती एंझाइमला अडवितात आणि नेमका हाच प्रकार घडतो. मग रोगी झाडाचा सी.टी. उशिरा येतो किंवा येतच नाही. चांगली प्रयोगशाळा हे ओळखण्यासाठी दोन गोष्टी करते. एक, अर्क दहापट पातळ करून चाचणी पुन्हा करते; अडथळा नसेल तर सी.टी. सुमारे ३.३ फेऱ्यांनी पुढे जावयास हवा. तो तितका पुढे गेला नाही, किंवा उलट अलीकडे आला, तर अर्क अस्वच्छ आहे हे सिद्ध झाले. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच नळीत झाडाच्या स्वतःच्या एका जनुकाचाही शोध घेते. झाडाचा डी.एन.ए. तर अर्कात असलाच पाहिजे. तोही सापडला नाही, तर 'जीवाणू आढळला नाही' या वाक्यास काहीही किंमत राहत नाही.

शिवाय सी.टी.वरून नगांची संख्या काढण्यासाठी ज्ञात संख्येचे प्रमाण-द्रावण लागतेच, आणि त्याची ताकद बहुधा प्रकाशाने किंवा रंगाने ठरविलेली असते. तेथे दुपटीची चूक असेल तर पुढील सर्व झाडांचे आकडे दुपटीने चुकतात.

थेंबांत वाटून मोजणे

ही परावलंबी अवस्था टाळणारी नवी रीत म्हणजे डिजिटल पी.सी.आर. फोगेलस्टीन व किंझलर यांनी १९९९ साली तिला हे नाव दिले. मूळ कल्पना त्याआधीची आहे. अर्क व चाचणीचे मिश्रण तेलात सोडून त्याचे सुमारे २०,००० अतिसूक्ष्म, सारख्या आकाराचे थेंब करतात. कोणत्या थेंबात जीवाणूच्या डी.एन.ए.चा नग गेला व कोणत्यात नाही हे दैवाधीन असते. मग सर्व थेंबांत पी.सी.आर.च्या फेऱ्या करतात व शेवटी किती थेंब चमकले एवढेच मोजतात. दुप्पट पुरती झाली की थोडी कमी, याने फारसे बिघडत नाही. थेंब चमकला किंवा चमकला नाही, एवढाच प्रश्न उरतो.

यात हिशेबाचा एक बारकावा आहे. २०,००० खड्डे करून डोळे मिटून त्यांवर दाणे उधळले, तर काही खड्ड्यांत दोन-तीन दाणे पडणारच. म्हणून ५,००० खड्ड्यांत दाणे सापडले तर एकूण दाणे ५,००० नसून सुमारे ५,७५० असले पाहिजेत, आणि १५,००० खड्डे भरलेले आढळले तर दाणे सुमारे २७,७०० असावेत. फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७ साली मांडलेल्या नियमाने ही दुरुस्ती करता येते. हे प्रमाण-द्रावणाशी न ताडता निघालेले उत्तर आहे, आणि हेच या रीतीचे मोठे वैशिष्ट्य होय.

तरीही तिला निर्दोष समजू नये. थेंबाचे आकारमान ठाऊक असावे लागते; ते चुकले तर दर मिलिलिटरचा हिशेब चुकतो. आणखी एक गोष्ट अशी की ग्रीनिंगच्या चाचणीत पुष्कळदा जो भाग शोधतात, तो या जीवाणूच्या एका संचात तीनदा येतो. संचाचे तुकडे झालेले असतील तर हे तीन भाग तीन थेंबांत जाऊन तीन नग दिसतील. संच अखंड राहिला तर तिन्ही एकाच थेंबात जाऊन एकच दिसेल. अहवालात दशांशचिन्हापुढे दोन अंक छापलेले पाहून आपण उगीच दबून जातो. ते दोन अंक यंत्राने छापलेले असतात, अर्काने नव्हे.

'आढळला नाही' याचा अर्थ

झाडात जीवाणू सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत तो लक्षावधी असावा व शेजारच्या फांदीत जवळजवळ नसावा, असे घडते. ऋतूप्रमाणेही त्याचे प्रमाण कमीअधिक होते. याखेरीज मोजणीची अशी एक मर्यादा आहे की ती कोणत्याही यंत्राने ओलांडता येत नाही. चाचणीच्या नळीत सरासरीने एक नग येईल इतका जीवाणू विरळ असेल, तर १०० पैकी सुमारे ३७ नळ्यांत एकही नग जाणार नाही व त्या नळ्या निर्दोष दिसतील. सरासरी तीन नग येत असतील तर अशा नळ्या सुमारे ५ राहतील. म्हणून मातृवृक्षाची चाचणी एका पानाच्या एका नळीवर कधीही सोडू नये. तीन-चार नळ्या लावल्या आहेत काय आणि झाडाच्या निरनिराळ्या बाजूंचे नमुने घेतले आहेत काय, हे विचारण्याचा मालकास अधिकार आहे. ३५ च्या पुढील सी.टी. एकाच नळीत आला व इतरांत आला नाही, तर झाड लगेच तोडूही नये आणि त्याचे डोळेही घेऊ नयेत. नवा नमुना पाठवून उत्तर येईपर्यंत ते झाड बाजूस ठेवावे. नागपूर येथे लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला अशा प्रसंगी घेता येईल.

नमुना घेताना

प्रयोगशाळेतील सर्व कौशल्य शेवटी शेतात तोडलेल्या पानांवर अवलंबून आहे आणि हे काम कार्यकर्त्याच्या व शेतकऱ्याच्या हातचे आहे. झाडाच्या चारही बाजूंची, पूर्ण वाढलेली पाने देठासकट घ्यावीत; संशयित फांदी असेल तर तिची पाने अवश्य घ्यावीत. जीवाणू अन्नरसाच्या नलिकांत राहत असल्याने प्रयोगशाळेत देठ व मधली शीरच उपयोगी पडते, म्हणून देठ तुटू देऊ नयेत. एका झाडाची पाने दुसऱ्या झाडाच्या पिशवीत जाऊ देऊ नयेत. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून स्वच्छ पाण्याने धुवावी. हे द्रावण चिकटून राहिलेला डी.एन.ए.ही नष्ट करते, जे नुसत्या पाण्याने होत नाही. पाने पाण्याने भिजलेली असल्यास टिपून कोरडी करावीत, कागदात गुंडाळून पिशवीत घालावीत व बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवावीत. परंतु बर्फ पानांस लागू देऊ नये. उन्हात तापलेल्या गाडीत दिवसभर राहिलेली पाने पाठविण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी नवी तोडलेली बरी.

पिशवीवर झाडाचा क्रमांक, ओळ, तारीख व पाने कोणत्या बाजूची आहेत हे शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बांधावी, कारण बर्फाच्या पेटीतील ओलीने शाई पसरते आणि मग कोणत्या झाडाचा अहवाल आला हेच कळेनासे होते.